दिसेल तेवढाच वेग

आमच्या घरात सध्या दोन नवे चालक आहेत. सूनबाई सोलापूरची. तिकडच्या सरळ, सपाट रस्त्यांवर गाडी शिकून तिने पक्के लायसन घेतले होते. आता वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी असल्यामुळे तिला फोंड्याहून बोरीचा पूल ओलांडून लोटलीमार्गे रोज जावे लागते. दुसरा माझा पुतण्या. तो बरीच वर्षे कुवेतला होता आणि तिथल्या रुंद रस्त्यांवर सराईतपणे गाडी चालवत असे. आता तो कायमचा गावी परतला आहे. दोघांच्याही शेजारच्या सीटवर मी पुष्कळ बसलो आहे आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे. क्लच, गिअर आणि स्टीअरिंगवर हात बसला म्हणजे गाडी येऊ लागली असे आपण समजतो; पण गोव्याच्या रस्त्यावर सुरक्षित राहायचे असेल, तर समोर जितका रस्ता दिसतो आहे तितक्यात गाडी पूर्ण थांबवता येईल असाच वेग ठेवण्याची सवय लागली पाहिजे, आणि ती सवय शिकवण्यावर फार कमी वेळ खर्च होतो.

आपले गावातले रस्ते एकदा या नजरेने पाहावेत. दोन्ही बाजूंना चिऱ्याच्या कुंपणभिंती अगदी डांबराला टेकलेल्या असतात, त्यावर पावसाळ्यात रान माजते आणि वळणापलीकडचे काहीच दिसत नाही. पहाटे त्याच वळणावरून सायकलच्या मागे पावाची टोपली बांधलेला पदेर भोंगा वाजवत येत असतो, शाळेची मुले भिंतीला चिकटून एका रांगेत चालत असतात, आणि कधी रस्त्याच्या मधोमध गुरे बसलेली असतात. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर पडेपर्यंतच हा एक सेकंद जातो. ब्रेक लागायला सुरुवात होते ती त्यानंतर. शिवाय वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून गाडी थांबेपर्यंतचे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. ही दोन गणिते सूनबाईला मी कागदावर मांडून दाखवली आणि त्यानंतर लोटलीच्या वळणांवर वेग कमी करण्यासाठी तिला सांगावे लागले नाही.

पुतण्याची अडचण वेगळी होती. कुवेतमध्ये वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि स्टीअरिंग गाडीत डावीकडे असते. इथे सगळे उलटे. (पोर्तुगालने १९२८ साली उजवी बाजू स्वीकारली, तरी गोव्यात मात्र शेजारच्या मुलुखाप्रमाणे डावी बाजूच कायम राहिली, ही आपल्या दृष्टीने सोयीचीच गोष्ट झाली.) आखातातून परतणाऱ्या आणि सुट्टीसाठी युरोप-रशियातून येणाऱ्या चालकांबद्दल लोकांची समजूत अशी असते की ते गर्दीत गोंधळतील. माझे निरीक्षण नेमके उलट आहे. गर्दीत पुढची गाडी वाट दाखवते, त्यामुळे तिथे चूक होत नाही. धोका असतो तो रिकाम्या रस्त्यावर: पेट्रोल पंपावरून बाहेर पडताना, घराच्या फाटकातून पहाटे निघताना किंवा निर्जन तिठ्यावर वळल्यानंतर. अशा वेळी अंगवळणी पडलेली जुनी सवय वर येते आणि गाडी नकळत उजवीकडे सरकते. म्हणून पहिले काही आठवडे प्रत्येक थांब्यानंतर गाडी सुरू करताना ‘मी रस्त्याच्या मधल्या रेषेकडे बसलो आहे’ असे मनाशी म्हणावे. आपल्याकडे चालकाची सीट मधल्या रेषेच्या बाजूला आणि शेजारची सीट गटाराच्या बाजूला असली, की गाडी योग्य बाजूला आहे.

चौकात पाहण्याची दिशाही बदलते. आपल्यावर पहिल्यांदा येणारे वाहन उजवीकडून येते, त्यामुळे आधी उजवीकडे, मग डावीकडे आणि निघताना पुन्हा उजवीकडे पाहावे. सर्कलला घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वळसा घालायचा आणि आधीच सर्कलमध्ये असलेल्या वाहनाला वाट द्यायची. हा नियम आपल्याकडे सर्रास मोडला जातो हे खरे, पण समोरचा मोडतो म्हणून नवशिक्यानेही मोडावा हे मला मान्य नाही. त्याने थांबून जावे, मागून हॉर्न वाजला तरी वाजू द्यावा.

कागदपत्रांचे थोडक्यात सांगतो. शिकाऊ लायसन सहा महिने चालते आणि ते मिळाल्यापासून तीस दिवसांनी पक्क्या लायसनसाठी अर्ज करता येतो. या काळात गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल ‘एल’ हवा आणि शेजारी लायसनधारक शिकवणारा हवा. दुचाकी शिकणाऱ्याने मागे मैत्रिणीला किंवा धाकट्या भावाला बसवणे कायद्यात बसत नाही. परदेशी पाहुण्याजवळ स्वतःच्या देशाचे लायसन आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना अशी दोन्ही कागदे असावीत, आणि त्यात दुचाकीचा प्रकार नोंदलेला आहे का हे आवर्जून पाहावे, कारण मोटारीचे लायसन दुचाकीला चालत नाही. स्वतः चालवायला भाड्याने मिळणाऱ्या अधिकृत गाडीची पाटी काळी आणि अक्षरे पिवळी असतात. ओळखीतून मिळालेली पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्त पडते, पण अपघात झाला तर विम्याचा प्रश्न उभा राहतो.

पावसाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवे. जूनच्या पहिल्या सरींत रस्ता सर्वांत निसरडा असतो, कारण महिनोन्‌महिने साचलेले तेल आणि धूळ पाण्यावर तरंगू लागते; जोराचा पाऊस पडून ते वाहून जाईपर्यंत हा धोका राहतो. त्यानंतर डोंगरउतारावरची तांबडी माती रस्त्यावर येते आणि खड्डे पाण्याने भरून दिसेनासे होतात. कोरड्या दिवसांत पुढच्या वाहनापासून निदान दोन सेकंदांचे अंतर ठेवावे, पावसात ते चार सेकंदांपर्यंत वाढवावे. पुढची गाडी एखाद्या विजेच्या खांबाशी पोहोचली की मोजायला लागावे आणि आपली गाडी त्याच खांबाशी येईपर्यंत सेकंद मोजावेत, म्हणजे अंतर आपोआप कळते.

एबीएसची, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची, ओळख तर पावसाच्या आधीच करून द्यावी. ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की पायाखालचे पेडल थरथरते, खालून करकर आवाज येतो आणि नवा चालक काहीतरी बिघडले असे वाटून पाय उचलतो, म्हणजे नेमक्या नको त्या क्षणी ब्रेक सोडतो. सूनबाईला मी फर्मागुडीच्या बाजूला मोकळ्या जागेत, मागेपुढे कोणी नसताना, कमी वेगात मुद्दाम कचकन ब्रेक दाबायला लावले. पहिल्या खेपेला तिने पाय उचललाच. मग थरथर होत असतानाही पाय तसाच दाबून धरायचा आणि गाडी हवी तिकडे वळवायची, हे तिने पुन्हा पुन्हा केले. शिकवणाऱ्या प्रत्येकाने एवढा अर्धा तास काढावाच.

घाटाचेही तसेच आहे. अनमोड किंवा चोर्ला घाट उतरताना इंधन वाचेल म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे लोक अजूनही भेटतात. आजच्या इंजिनात गिअर तसाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधनाचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरते इंधन जळतच राहते. म्हणजे वाचत काहीच नाही, आणि सगळा भार ब्रेकवर पडून ते तापतात व पकड सोडू लागतात. ज्या गिअरमध्ये चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे. अरुंद जागी चढणाऱ्या वाहनाला आधी वाट द्यावी, कारण भरलेल्या ट्रकला चढणीवर थांबून पुन्हा निघणे कठीण जाते.

रात्री समोरून अप्पर लाइट आला तर त्या दिव्याकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर नजर ठेवावी आणि वेग उतरवावा. रागाने आपलाही अप्पर लावला तर दोघेही काही क्षण आंधळे होतात. थांबलेल्या बसला ओलांडताना बसच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार आहे असेच धरून चालावे.

राहिली फेरीबोट. दिवाडी-चोडणला जाणाऱ्या नवशिक्यांना तिची धास्ती वाटते. ओहोटीला धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो आणि तिथे शेवाळ असते, म्हणून पहिल्या गिअरमध्ये, मध्येच क्लच न दाबता, सावकाश उतरावे. दुचाकीवर मागे बसलेल्याने उतरून चालत जावे. बोटीवर गाडी लावल्यावर हँडब्रेक ओढावा, इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि बोटीवरचा कामगार खूण करेपर्यंत पुन्हा सुरू करू नये.