कोल्हापूर ते लंडन: साडेसात हजार किलोमीटर, आणि जपायचे ते पहिले तीनशे

कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळाहून मुंबई हवेतून जेमतेम 300 किलोमीटर. पुढे मुंबई ते हीथ्रो सुमारे 7,200. या लांबच्या टप्प्याचं गणित सरळ आहे. ताशी 850 किलोमीटर धरले तर साडेआठ तास, त्यात धावपट्टीपर्यंतची रांग, चढ-उतार मिळवले की नऊ. पण जाताना वारा समोरून असतो, म्हणून वेळापत्रकात साडेनऊ-दहा तास दिसतात. येताना तोच वारा पाठीशी येतो आणि तासभर वाचतो. हिवाळ्यात हा फरक जास्त जाणवतो.

घड्याळाकडे नीट बघा. लंडन हिवाळ्यात आपल्या साडेपाच तास मागे, तर मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत साडेचार तास मागे. मुंबईहून दुपारी दोनला निघून दहा तासांनी उतरलात, तर तिथे जानेवारीत संध्याकाळचे साडेसहा आणि जूनमध्ये साडेसात वाजलेले असतात. घ्यायला येणाऱ्या नातेवाइकांना तिकिटावर छापलेलीच वेळ कळवा. ती तिथलीच असते, तिच्यातून पुन्हा तास वजा करू नयेत.

खरी काळजी पहिल्या टप्प्याची. कोल्हापूर-मुंबई आणि मुंबई-लंडन ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिलं विमान रद्द झालं, तर दुसऱ्या कंपनीवर कसलीच जबाबदारी नसते. शक्यतो दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घ्या. तसं जमत नसेल तर आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस धरा, दादरला उतरा आणि दुपारनंतरचंच विमान निवडा. रस्त्याने अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, पण जुलै-ऑगस्टमध्ये त्यावर विसंबू नये. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. पावसाळ्यात एक मुक्काम मुंबईत ठेवणं हाच शहाणपणा.

वजनाचाही घोळ होतो. देशातल्या तिकिटावर चेक-इन सामान बहुधा 15 किलो, परदेशीच्या तिकिटावर अनेकदा 23 किलोची बॅग. तिकिटं वेगळी असली की वरच्या आठ किलोंचे पैसे कोल्हापुरातच भरावे लागतात. मुंबईत विमान कोणत्या टर्मिनलला उतरतं तेही आधी बघा. परदेशी उड्डाणं टर्मिनल 2 वरून होतात. टर्मिनल 1 ला उतरलात तर सामान घेऊन रस्त्यानेच जावं लागतं, त्यासाठी एक तास वेगळा काढा.

कांदा-लसूण चटणी आणि गूळ खुशाल न्या, पण चेक-इनच्या बॅगेत आणि दुहेरी पिशवीत. अंबाबाईच्या प्रसादाची सुक्या खोबऱ्याची वाटी मात्र घरीच ठेवा. खोबऱ्यातल्या तेलामुळे ते पेट घेऊ शकतं, म्हणून चेक-इन सामानात चालत नाही. पेढे, खवा, तूप आणि मटणाचं लोणचंही नको: भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ ब्रिटनमध्ये नेण्यास बंदी आहे, सापडले तर काढून घेतात.