नानांसाठी न दाबता क्लिक

अमळनेरच्या नानांचा उजवा हात अर्धांगवायूनंतर बटण दाबण्याइतका वळत नाही. माउस सरकवता येतो, क्लिक होत नाही. बियाण्या-खतांच्या दुकानाचा हिशेब मात्र ते कुणाच्या हाती द्यायला तयार नाहीत. म्हणून ठरवलं, बाण सव्वा सेकंद एका जागी थांबला की क्लिक आपणहून व्हावं असा छोटा प्रोग्रॅम लिहायचा. नाना टाइप करत असतील तेव्हा त्यानं गप्प बसायचं, नाहीतर भलतीकडेच क्लिक पडायचे. म्हणजे कुठल्याही खिडकीत काम चालू असो, माउस आणि कीबोर्ड दोन्हींची हालचाल मला कळायला हवी.

विंडोजमध्ये याला लो-लेव्हल हूक आहे, म्हणजे माउस-कीबोर्डची हालचाल वाटेतच गाठून आपल्या प्रोग्रॅमला दाखवणारी सोय. सेटविंडोजहूकएक्स या फंक्शनला माउससाठी १४ आणि कीबोर्डसाठी १३ हा क्रमांक द्यायचा, थ्रेडमध्ये (प्रोग्रॅममधल्या कामाच्या एका धाग्यात) मेसेज लूप, म्हणजे विंडोजचे निरोप सतत घेत राहणारा फेरा, चालू ठेवायचा, की प्रत्येक हालचाल आधी तुमच्याकडे येते. तासाभरात चाललं. मी जळगावला परतलो आणि दुसऱ्याच दिवशी फोन: "आरे, याले काय व्हयनं? क्लिकच करत नही."

प्रोग्रॅम चालू होता, एरर नव्हती. चूक माझीच. हूकच्या आतच मी प्रत्येक घटना फाइलमध्ये लिहीत होतो. नानांची हार्ड डिस्क जुनी, त्यात मे महिन्याचं ऊन. हूकला उत्तर द्यायला उशीर झाला की विंडोज त्याला वगळून पुढे जातं, आणि असं वारंवार झालं की विंडोज ७ पासून हूक न सांगता काढूनही टाकतं. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीनंतर ही मुदत १००० मिलिसेकंदांच्या वर नेताही येत नाही. आता हूक फक्त वेळ टिपून परततो, बाकीचं काम दुसरा थ्रेड करतो.

ती लॉग फाइल उघडली तेव्हा मात्र अंगावर काटा आला. नानांच्या बँकेचा पासवर्ड त्यात अक्षर न् अक्षर होता. अँटिव्हायरसनं आधी हरकत घेतली होती, ती मी वैतागून बंद केली होती. खरं तर बरोबर त्याचंच होतं. हात अधू असलेल्या माणसाला मदत करणारा आणि चोरी करणारा प्रोग्रॅम सुरुवातीला एकाच दारातून आत येतात. नानांना सांगितलं तर ते एवढंच म्हणाले, "मना पासवर्ड बी याले माहीत शे का?" फाइल त्यांच्यासमोर पुसली. मला कुठली कळ दाबली हे हवंच नव्हतं, शेवटची कळ कधी दाबली एवढंच पुरे होतं. आता कळीचा क्रमांक मी वाचतही नाही.

एक गंमत: माझेच क्लिक हूकमधून मला परत दिसायचे. प्रोग्रॅमनं घातलेल्या घटनेवर 'इंजेक्टेड' अशी खूण असते, ती बघून त्या सोडून दिल्या.

खरा घोळ हिशेबाच्या सॉफ्टवेअरनं घातला. ते जुनं, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडल्याशिवाय चालतच नाही. त्याची खिडकी पुढे आली की माझा हूक आंधळा! विंडोज व्हिस्टापासून साध्या हक्काच्या प्रोग्रॅमला वरच्या हक्काच्या खिडकीतलं काही दिसत नाही, तिथे क्लिकही पाठवता येत नाही. नेमकं जिथे काम तिथेच बंद. मायक्रोसॉफ्टनं सुलभतेच्या साधनांसाठी यात एक वाट ठेवली आहे: मॅनिफेस्टमध्ये (प्रोग्रॅमला काय काय लागतं हे विंडोजला सांगणाऱ्या मजकुरात) यूआयअ‍ॅक्सेस 'ट्रू' लिहायचं, प्रोग्रॅमवर डिजिटल सही करायची आणि तो 'प्रोग्रॅम फाइल्स' या फोल्डरमध्येच ठेवायचा. डेस्कटॉपवर ठेवला तर सुरूच होत नाही, यात माझा एक अख्खा रविवार गेला. सही मी स्वतः बनवलेल्या प्रमाणपत्राची केली आणि ते फक्त नानांच्या मशीनवर विश्वासार्ह म्हणून नोंदवलं.

सव्वा सेकंद नानांना घाईचं वाटलं, आता दीड आहे. सकाळी हिशेब उघडताना परवानगी विचारणारा काळवंडलेला पडदा येतो, तिथे मात्र माझ्या प्रोग्रॅमला प्रवेश नाही. डाव्या हातानं बाणाची कळ आणि एंटर दाबून तो जातो, पण नाना तसं करत नाहीत. काकूला हाक मारतात, आणि ती कणकेचे हात पुसत येऊन 'हो' करून जाते.