‘इतर’मध्ये अडकलेले अकरा दिवस

पोलिसांकडच्या लाऊडस्पीकर परवान्याच्या अर्जातला सातवा रकाना होता ‘कार्यक्रमाचा प्रकार’. पुढे पर्याय: धार्मिक, राजकीय, लग्नसमारंभ, सांस्कृतिक, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. त्या एका खुणेने माझे अकरा दिवस खाल्ले.

मी नवी मुंबईत राहते. सोसायटीतल्या ओल्या कचऱ्याचं खत करण्याचा खटाटोप सहा वर्षांपासून माझ्या गळ्यात आहे. माझा भाचा ब्रेकिंग करतो, म्हणजे स्टेशनच्या गुळगुळीत फरशीवर हातावर-डोक्यावर गरगर फिरतो आणि रखवालदार आला की पळतो. त्याचे मित्र रॅप करतात. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या गटाने आरेच्या जंगलासाठी वारली लोकांबरोबर रॅप केलं होतं. ते ऐकून या पोरांनी आपल्या खाडीवर, पाणथळीवर आणि फ्लेमिंगोंवर मराठीत लिहिलं. मग ठरलं की एका रविवारी दुपारी चार ते सात, उद्यानातल्या खुल्या रंगमंचावर माझं खत, रोपं, जुन्या कपड्यांची आणि पुस्तकांची अदलाबदल, आणि त्यांचं गाणं-नाचणं, सगळं एकत्र करायचं.

खरं तर सोसायटीच्या हॉलमध्ये करणार होतो. भाच्याने कमिटीला सांगूनही पाहिलं की हिप-हॉपची, म्हणजे रॅप, ब्रेकिंग ज्यात येतं त्या सगळ्या प्रकाराची, सुरुवातच अशी झाली: 11 ऑगस्ट 1973, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधली एक इमारत, बहिणीला शाळेसाठी नवे कपडे घ्यायचे म्हणून तिने पार्टी ठेवली आणि भाऊ कूल हर्कने गाणी वाजवली. म्हणजे सोसायटीच्या हॉलमधलीच पार्टी की! कमिटीने ऐकून घेतलं आणि हॉलची नवी फरशी खराब होईल असं कारण दिलं.

उद्यानाची परवानगी चार दिवसांत मिळाली. वाहतुकीचा कागद एका फेरीत झाला. राहिला लाऊडस्पीकर.

अर्ज भाच्याने लिहिला होता आणि मी न वाचता सही केली होती. खिडकीवरच्या हवालदारांनी तो मोठ्याने वाचायला घेतला.

“ब्रेकिंग बॅटल. म्हणजे तोडफोड?”

“नाही हो, नाच आहे.”

“आणि बॅटल?”

“नाचाचीच.”

“मग नाच लिहा ना मॅडम. पुढे काय... डीजे, एक.”

इथे त्यांनी पेन खाली ठेवलं. महाराष्ट्रात पोलिसांसमोर हा शब्द उच्चारू नये. आपल्याकडे डीजे म्हणजे ट्रकवर रचलेली स्पीकरची भिंत. पोरांच्या भाषेत डीजे म्हणजे दोन तबकड्या फिरवणारा एक किडकिडीत मुलगा. आमचा स्पीकर घरून चार्ज करून न्यायचा, बॅटरीवरचा, ट्रंकेएवढा. जनरेटरसुद्धा नको म्हणून तो निवडलेला. हे सगळं मी सांगितलं. “ते साहेबांना सांगा,” असं उत्तर आलं. साहेब बंदोबस्ताला गेले होते.

तिसऱ्या दिवशी साहेब भेटले. वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यापुढे रकाना होता. ‘इतर’ असेल तर नक्की काय ते कळल्याशिवाय पुढे पाठवता येत नाही म्हणाले. मी हुशारी केली. म्हटलं, साहेब, ब्रेकिंग 2024 ला पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये होतं. साहेबांचा चेहरा उजळला. “मग क्रीडा विभागाचं पत्र आणा!” बाहेर येऊन मी भाच्याकडे असं पाहिलं की तो दोन दिवस फोन उचलत नव्हता.

पाचव्या दिवशी कुणीतरी सुचवलं की रॅप म्हणजे रंगमंचावर बोलणंच, तेव्हा संहिता लागेल, रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. ते नाटकाला लागतं हे मलाही माहीत होतं. पण सायफरची संहिता कुठून आणायची? पोरं गोल करून उभी राहतात, एकेक जण मध्ये येतो आणि सुचेल ते म्हणतो. आधी लिहिलं तर ते सायफर कसलं! तडजोड अशी निघाली की बसवलेल्या गाण्यांचे शब्द तरी लेखी द्या. पोरांनी रात्रभर जागून चार पानं दिली. दुसऱ्या दिवशी एका शब्दाखाली लाल रेघ. शब्द होता ‘बीफ’. रॅपवाल्यांत बीफ म्हणजे वैर, खुन्नस. मी पन्नाशीची बाई खिडकीशी उभी राहून हे समजावतेय आणि मागे पासपोर्टच्या चौकशीला आलेले काका कान देऊन ऐकताहेत. शेवटी तिथे ‘राडा’ लिहिलं. तेही खोडायला लावलं. ‘वाद’ लिहिलं. यमक गेलं.

मग 26 जानेवारी. आधीचे दोन दिवस आणि नंतरचा एक, कुणी जागेवरच नाही. तारीख निवडताना हे डोक्यात यायला हवं होतं. जानेवारीत किंवा सणाच्या आसपास कार्यक्रम असेल तर अर्ज महिनाभर आधी टाका. आणि दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. पहिल्या दिवशी मी पोच घेतली नव्हती, त्यामुळे नवव्या दिवशी “कुठला अर्ज?” हे ऐकावं लागलं. त्या दिवशी रिक्षात बसून मी रडले, लाज कसली.

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, गोपनीय शाखेत एक नवे हवालदार होते. त्यांनी चारही पानं वाचली, ओठ हलवत. मग म्हणाले, “ताई, एक जण बोलणार, दुसरा त्याला उलटं उत्तर देणार, लोक ठरवणार कोण भारी?”

“हो.”

“अहो मग शक्ती-तुरा आहे हा! आमच्या कोकणात, लांज्याला, रात्रभर चालतो. गण झाला, गवळण झाली की शक्तीवाले आणि तुरेवाले, दोन बाजूंचे सवाल-जवाब. एकमेकांची काय काढतात, तुमची पोरं फारच सौम्य आहेत.”

त्यांनी स्वतः ‘इतर’ खोडून ‘सांस्कृतिक’वर खूण केली, माझी बाजूला सही घेतली आणि पुढे लिहिलं: लोककला (शक्ती-तुरा प्रकार). ‘डीजे’च्या जागी ‘वादक, एक’. संध्याकाळी सहाला परवाना हातात. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पोरं मात्र फुगून बसली. लोककला काय, म्हणे. मी म्हटलं, परवाना परत करू का?

तर तुम्ही असं काही करणार असाल तर अर्जातले सगळे इंग्रजी शब्द घरीच मराठी करून जा. आणि जागा ठरवण्याआधी शंभर मीटरमध्ये शाळा, दवाखाना किंवा न्यायालय आहे का ते बघा, कारण तो शांतता क्षेत्राचा भाग धरतात. आम्ही आधी निवडलेली बाग शाळेला लागून होती. रविवारी शाळा बंद असते हे कुणी ऐकून घेत नाही. निवासी भागात दिवसा 55 डेसिबलची मर्यादा आहे, म्हणजे शेजारी बसून बोलण्याहूनही कमी. पण सार्वजनिक जागेत स्पीकर लावला तर त्या जागेच्या सीमेवर मर्यादेपेक्षा 10 जास्त चालतात. हे मला परवाना मिळाल्यावर कळलं. भाच्याने फाटकाशी मोबाइलवर मोजून पाहिलं: स्पीकरचा आवाज बसला, टाळ्यांचा बसला नाही.

कचऱ्याचं विसरलेच. 2016 च्या घनकचरा नियमांत होतं की शंभराच्या वर माणसं जमवणार असाल तर किमान तीन कामकाजाचे दिवस आधी पालिकेला कळवायचं आणि कचरा वेगळा करून द्यायचा. मी कळवायला गेले तर स्वच्छता निरीक्षकांनी खुर्ची दिली, चहा मागवला. आपणहून सांगायला कुणी येत नाही म्हणाले. अकरा दिवसांत मला कुठे बसायला मिळालं असेल तर तिथे. फ्लेक्स छापला नाही, जुन्या चादरींवर पोरांनी स्प्रेने नाव रंगवलं. ताट-पेला ज्याने त्याने घरून आणला. सुका कचरा एक पिशवी निघाला, ओला माझ्या ड्रममध्ये गेला.

कार्यक्रम छान झाला. दीडशेएक माणसं आली, त्यात रोपं न्यायला आलेल्या आज्या बऱ्याच. त्या सायफरच्या गोलात सगळ्यात पुढे खुर्च्या टाकून बसल्या. फ्लेमिंगोच्या गाण्याला ‘वन्स मोअर’ मिळाला. साडेसहाला बंदोबस्ताला लांज्याचे हवालदारच आले. कडेला उभं राहून त्यांनी दोन फेऱ्या पाहिल्या आणि मला हळूच विचारलं, “यातले तुरेवाले कोण?”

उद्यानाची अनामत रक्कम अजून परत आलेली नाही. तिची खिडकी वेगळी आहे आणि ती मंगळवारी-शुक्रवारीच उघडते.