निळे मार्क, लाल मार्क

यंदा 43 पुस्तकं संपवली, 8 अर्ध्यावर सोडली आणि एक भिजवलं. भिजवलेल्याचं पुढे सांगते. 43 पैकी 31 मराठी, 5 कोकणी, 7 इंग्रजी. पानांची बेरीज दहा हजारांच्या थोडी वर जाते, पण त्या आकड्याचं कौतुक आता राहिलेलं नाही. कवितेच्या ऐंशी पानांना अख्खा महिना लागला आणि एका रहस्यकथेची तीनशे पानं शनिवार-रविवारात उडाली. त्यानंतर तो रकाना मी नुसता सवयीने भरते.

मार्कांची नवी पद्धत गेल्या डिसेंबरात ठरवली. त्याआधी पुस्तक मिटलं की लगेच पाचपैकी मार्क द्यायचे. मग एकदा जुनी वही चाळताना एका कादंबरीपुढे साडेचार दिसले. साडेचार! आणि मला तिच्या नायकाचं नाव आठवेना, शेवट आठवेना, ती खेड्यात घडते की शहरात हेही आठवेना. म्हणजे हे मार्क दिले तरी कशाला होते? बहुतेक त्या दिवशी रविवार होता आणि माशाचं हुमण चांगलं झालं होतं.

म्हणून यंदा दोन मार्क. संपवलं त्या दिवशी निळ्या शाईने. तीन महिन्यांनी लाल शाईने, पुस्तक पुन्हा न उघडता. निळा आकडा दिसू नये म्हणून त्या रकान्यावर कागदाची पट्टी क्लिपने लावून ठेवते. नवरा म्हणाला, ‘बोर्डाची परीक्षा चाललीय की काय?’ चालली होतीच, फक्त परीक्षा कोणाची ते नंतर कळलं.

सप्टेंबरअखेरपर्यंत संपलेली 34 पुस्तकं लाल शाईपर्यंत पोचली. त्यातल्या 19 पुस्तकांचे मार्क उतरले, 9 जागच्या जागी राहिली, 6 चढली. निळी सरासरी 3.9, लाल 3.3. उतरणार हे अपेक्षित होतं. शेवटचं पान वाचून झाल्यावर माणूस उगाच उदार होतो, लग्नाच्या पंक्तीतून उठताना होतो तसा.

सर्वांत मोठी घसरण एका जाडजूड ऐतिहासिक कादंबरीची. नाव घेत नाही, तुमच्यापैकी निम्म्यांच्या कपाटात ती असेल. निळे 4, लाल दीड. वाचताना छाती भरून येत होती हे खरं. तीन महिन्यांनी आठवायला बसले तर नुसत्या घोड्यांच्या टापा. सासूबाईंनी तीच कादंबरी माझ्या आधी हातात घेतली होती आणि शंभर पानांत खाली ठेवली होती. त्यांचा कोकणीतला अभिप्राय: ‘सगळे नुसते उलयतात, जेवना कोणूच.’ म्हणजे सगळे नुसते बोलतात, जेवत कोणीच नाही. तेव्हा मी हसले होते. लाल शाईचं पेन हातात घेतलं तेव्हा कळलं की बाई बरोबर होत्या. सातशे पानांत कोणाला भूक लागलेली नाही, कोणाचा पाय दुखत नाही.

चढलेल्यांत मला सगळ्यात जवळचं ‘माझा प्रवास’. विष्णुभट गोडसे वरसईचे भिक्षुक. घरची गरिबी, उत्तरेत यज्ञ होणार, दक्षिणा मिळेल म्हणून निघाले आणि थेट 1857 च्या धामधुमीत सापडले. लिहिलं नंतर, 1883 च्या सुमारास, आणि छापलं गेलं 1907 मध्ये. फेब्रुवारीत वाचलं तेव्हा मी झाशीच्या वेढ्यासाठी अधीर होते. आधीची स्थळं, देवदर्शनं, वाटेतली माणसं हे सगळं भराभर ओलांडलं आणि साडेतीन दिले. मे महिन्यात पट्टी लावून बसले, तर वेढा फारसा आठवलाच नाही. आठवली ती कावड. पैसा मिळवायला गेलेला माणूस लुटला जातो, जिवावरच्या प्रसंगांतून सुटतो आणि शेवटी गंगेची कावड खांद्यावर घेऊन कोकणात आई-बापांकडे परततो. ते पाणी सांडू न देता चालत राहणं. लाल साडेचार. आठवणीत कोणती पानं टिकतील हे वाचताना आपल्याला कुठे ठाऊक असतं!

‘स्मृतिचित्रे’ला दोन्हीकडे 5. वाचायची ही तिसरी खेप. लक्ष्मीबाई टिळकांच्या वडिलांचं सोवळ्याचं वेड वाचून या वेळीही एकटीच हसले आणि मग हसण्याची लाज वाटली, कारण घरातल्या बायकांचा त्यात जीव जात होता. त्या हे दोन्ही एकाच वाक्यात बसवतात. यावर जास्त लिहीत नाही. ज्यांनी वाचलं नसेल त्यांचा मला हेवा वाटतो.

वहीत यंदा आणखी एक रकाना वाढवला: कुठे वाचलं. मी मयेहून निघते, स्कूटरने चोडणच्या धक्क्यावर, फेरीबोटीने मांडवी ओलांडून रायबंदर, तिथून पणजीत ऑफिस. पाण्यावरची वेळ दहाएक मिनिटंच, पण सकाळी रांगेत उभं राहावं लागतं आणि माझं अर्धं वाचन त्या रांगेत होतं. स्कूटर स्टँडवर, हेल्मेट आरशाला अडकवलेलं, पुस्तक हँडलवर. पुढची गाडी सरकली की पान अंगठ्याने धरायचं, स्कूटर चार पावलं ढकलायची, परत वाचायचं. बोटीत चढल्यावर खारफुटीकडे बघावं की पुस्तकाकडे हा रोजचा पेच, आणि हिवाळ्यात पक्षीच बहुतेक जिंकतात.

डिसेंबरात सगळे आकडे मांडले तेव्हा दिसलं की धक्क्यावर वाचलेल्या कादंबऱ्यांचे मार्क घरी वाचलेल्यांपेक्षा कमी आहेत. जवळपास प्रत्येकीचे. ललित लेख आणि कथांचं मात्र तसं नाही, त्यांना उलट रांग मानवते. आता सगळ्या कमअस्सल कादंबऱ्या नेमक्या रांगेतच माझ्या हाती आल्या असं तर होणार नाही.

हे लक्षात यायला कारण झालं ‘बनगरवाडी’. शाळेत असताना त्यातला उतारा वाचला होता, पूर्ण पुस्तक राहून गेलं होतं. मार्चमध्ये धक्क्यावर वाचलं, रोज पाच-सहा पानं, आठवड्यात दोन सुट्ट्या मध्ये. निळे 3. जूनमध्ये लाल शाई काढली तर अडीच, कारण धनगरांची नावं एकमेकांत मिसळून गेली होती. व्यंकटेश माडगूळकरांना अडीच मार्क देताना हात थोडा चाचरला, पण नियम म्हणजे नियम.

मग ऑगस्टमध्ये एक दुपार. वीज गेलेली, पाऊस असा की समोरच्या माडांचे नुसते बुंधे दिसत होते. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बराचसा त्या दुपारीच पडला असावा. हाताशी दुसरं काही नव्हतं म्हणून ‘बनगरवाडी’च पुन्हा उघडली आणि खिडकीशी बसून सलग वाचली. एका बैठकीत होण्याएवढीच आहे ती. नवखा मास्तर वस्तीवर येतो तिथून निघून मी कुठेच थांबले नाही. शेवटी पाऊस दगा देतो, मेंढरं मरतात, माणसं वाडी सोडून जायला लागतात. पुस्तकात एक थेंब नाही आणि माझ्या खिडकीची लाकडी चौकट ओलीने फुगून बंद होत नव्हती. उरलेली चार पानं मी उभ्याने वाचली, का कोण जाणे. वहीत हिरव्या शाईने 5 लिहिले. तिसऱ्या शाईचा रकाना नव्हता, समासात लिहिले. हे पुस्तक एकदा मोजायचं की दोनदा, यावर स्वतःशीच वाद घालून एकदाच मोजलं.

त्यामुळे लाल शाईवरचा माझा विश्वासही थोडा ढळला, हे कबूल करते. निळे मार्क हुमणाचे, तर लाल मार्क फेरीच्या रांगेचे. कवितेच्या बाबतीत तर लाल शाई सरळ अन्याय करते. कविता ‘आठवत’ नाही, एखादी ओळ स्कूटर चालवताना आपणहून तोंडात येते. आता कवितेला एवढीच कसोटी ठेवलीय: तीन महिन्यांत एक तरी ओळ न बोलावता आली तर 4, नाही तर 2. मधलं काही नाही.

आता भिजवलेलं. जुलैमध्ये गावाकडच्या एका वाचनालयाचं पुस्तक डिकीत ठेवलं, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ न मारता. डिकीच्या रबराला चीर पडलीय हे मला माहीत होतं, त्यामुळे दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही. घरी काढलं तेव्हा पुस्तक पोईसारखं, म्हणजे आमच्या गोव्याच्या पावासारखं, टम्म फुगलेलं. दर दहा पानांत वर्तमानपत्राचा कागद घातला, पंख्याखाली उभं ठेवलं, दोन-दोन तासांनी कागद बदलले. उन्हात ठेवायचा प्रश्नच नव्हता, ऊन होतं कुठे? चौथ्या दिवशी वाळलं, पाट आणि त्यावर तांदळाचा डबा ठेवून दाबलं. तरी शिवणीच्या बाजूला बुरशीचे करडे ठिपके उमटलेच. नवी प्रत विकत घेऊन दिली आणि जुनी स्वतःकडे ठेवली. ती वाचलीही. निळे अडीच. इतकी सेवा केलेल्या पुस्तकाला कमी मार्क द्यायला वेगळंच धैर्य लागतं. पावसाळ्यात पुस्तकं सांभाळण्याचा तुमचा काही उपाय असेल तर सांगा. डांबराच्या गोळ्यांनी कसर पळते, बुरशीला त्यांचं काही वाटत नाही.

पाच कोकणी पुस्तकांबद्दल थोडं, कारण त्यांनी मला चांगलंच जमिनीवर आणलं. घरी आम्ही कोकणीत बोलतो, बाजारात, बोटीत, ऑफिसातही कोकणीच. वाचणं मात्र पहिल्यापासून मराठी. आमच्या भागात अशी घरं गल्लोगल्ली आहेत, इतरांना त्याचं नवल वाटतं, आम्हाला नाही. दामोदर मावजो यांची ‘कार्मेलीन’ देवनागरी कोकणीत वाचायला घेतली. 1983 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली कादंबरी, गोव्यातून कुवेतला घरकामाला गेलेल्या बाईची गोष्ट. मराठीत मी तासाला चाळीस पानं वाचते, इथे वीसवर अडकले. जो शब्द रोज तोंडात आहे तो कागदावर दिसला की डोळा अडखळतो, मग ओठांनी पुटपुटायचा आणि मग कानाला तो कळतो. सासूबाई आतून विचारायच्या, ‘कोणाकडेन उलयता गो?’ पुढे पुढे मी मोठ्यानेच वाचायला लागले आणि त्या नारळ किसता किसता ऐकायला लागल्या. निळे 4, लाल साडेचार. यातला किती भाग कादंबरीचा आणि किती त्या स्वयंपाकघराचा, ते सांगता येणार नाही.

सोडलेल्या आठांपैकी सात विसरण्यासारखी. आठवं ‘क्रिस्तपुराण’, आणि ते मी सोडलंय असं म्हणवत नाही. पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात देवनागरी आवृत्ती बघितली आणि धाडस केलं. हे ग्रंथालय 1832 चं, पोर्तुगीज अमदानीतलं, आता कृष्णदास शामांचं नाव लावतं. ऑफिस सुटल्यावर तिथल्या शांततेत तासभर बसणं ही माझी चैन. फादर स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट 1579 मध्ये गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि जवळपास अकरा हजार ओव्या लिहून गेला. 1616 मध्ये गोव्यातच रायतूरला रोमन लिपीत छापलेल्या त्या पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज हाती नाही. मराठीची थोरवी सांगणाऱ्या त्याच्या ओव्या भाषणांत सगळेच म्हणतात, त्यापुढच्या किती जणांनी वाचल्यात कोण जाणे. मी साडेआठशेपर्यंत पोचले. ओवीची चाल ओळखीची, कथा बायबलची, मधूनच एखादा शब्द असा येतो की शेजारच्या घरातून कोणी हाक मारावी. दिवसाला तीस ओव्यांच्या वर मला झेपत नाहीत. निळ्या रकान्यात रेघ मारून ठेवलीय.

सासूबाईंची पद्धत माझ्यापेक्षा सोपी आहे. आवडलेलं पुस्तक त्यांच्या उशीपाशी, न आवडलेलं फ्रिजवर. मध्ये कोणताही आकडा नाही. नोव्हेंबरात मी गुपचूप ताळा केला. फ्रिजवर गेलेल्या अकरांपैकी नऊ पुस्तकांना माझे लाल मार्क अडीच किंवा त्याखाली होते, आणि त्यांनी तर बहुतेक पन्नासेक पानंच वाचलेली असतात. उरलेल्या दोनांवरून आमचं अजून पटत नाही.

ऑक्टोबरनंतरच्या 9 पुस्तकांची लाल शाई बाकी आहे, ती जानेवारी ते मार्चमध्ये होईल. नवीन वहीत ‘कुठे वाचलं’ हा रकाना पहिला घेतलाय आणि पानांचा काढून टाकलाय. एक रकाना ‘फ्रिज / उशी’ असा आहे. त्यांना अजून सांगितलेलं नाही. काल त्यांनी डब्यासारखा तो ओवीग्रंथ माझ्या हातात बघितला, वजन करून पाहिलं आणि विचारलं, ‘हें खंय दवरूं?’ म्हणजे हे कुठे ठेवू? मी म्हटलं, थांबा, अजून दहा हजार ओव्या आहेत.