दोन डॅश, एक दंड

आमच्या कोथरूडच्या सोसायटीचे खजिनदार म्हणजे माझे बाबा. निवृत्तीआधी बँकेत होते, त्यामुळे काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं दिसली की त्यांना आपल्या माणसांत आल्यासारखं वाटतं. माउसवर त्यांचा विश्वास नाही. "नुसत्या टिचक्या मारत बसायचं," म्हणतात. म्हणून देखभालीची बिलं काढायला मी त्यांना छोटीशी पायथन स्क्रिप्ट, म्हणजे पायथन भाषेतला प्रोग्राम, लिहून दिली. 'बिल' टाइप करायचं, एंटर दाबायचं, 42 फ्लॅटची बिलं तयार.

हे सुख तीन महिने टिकलं.

"अगं, भाड्यानं दिलेल्या फ्लॅटना बिनभोगवटा शुल्क लावायचंय. सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांच्या वर जायचं नाही हं." मी '--भाडेकरू' हा ऑप्शन घातला, म्हणजे 'बिल'पुढे दोन डॅश देऊन टाइप करायची जादा सूचना. मग वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्यांसाठी '--आगाऊ'. मग महिनाभर लिफ्ट बंद पडली, आणि या महिन्यात दंड मागितला तर लोक आपल्यालाच जिन्यावरून ढकलतील, हे कमिटीला उमगलं. '--दंडमाफ' आला. ऑप्शन मराठीत हवेत हा बाबांचा हट्ट. पायथनला देवनागरी चालते. टर्मिनलला, म्हणजे त्या काळ्या पडद्याला, काने-मात्रे नीट दाखवणं झेपत नाही, ते सोडा.

खरं तर ऑप्शन ही पुणेकराला शिकवायची गोष्टच नाही. "एक मिसळ, कांदा वेगळा, तिखट कमी, सँपल जास्त." ही कमांड लाइनच आहे की! रोजचं गिऱ्हाईक नुसतं "नेहमीचं" म्हणतं, ते एलियस, म्हणजे लांबलचक कमांडचं टोपणनाव. आणि '--हेल्प' म्हणजे भिंतीवरची पाटी. आमच्या '--हेल्प'चा मजकूर बाबांनीच लिहिलाय. पहिली ओळ : 'आधी वाचा, मग मुलीला फोन करा.'

फरक एवढाच, की वेटर वैतागतो, पण समजून घेतो. प्रोग्राम कधी कधी नको तितकं समजून घेतो. पुढच्या महिन्यात लिफ्ट सुरू झाली. आता दंड लावायचा म्हणून बाबांनी टाइप केलं 'बिल --दंड'. असा ऑप्शन मी केलेलाच नव्हता. दंड आपोआप लागायचा. कमांड चुकली म्हणून ओरडा व्हायला हवा होता. पण पायथनमध्ये ऑप्शन वाचायचं काम करणाऱ्या आर्गपार्सला सवय अशी, की लांब ऑप्शनची नुसती सुरुवात दिली आणि तशी सुरुवात असलेला एकच ऑप्शन सापडला, तर तोच म्हणायचाय असं तो धरून चालतो. दंडनं सुरू होणारा एकच होता. सगळ्यांचा दंड माफ झाला, बिलं गेली, सोसायटीच्या ग्रुपवर बाबांच्या नावानं फुलांचे गुच्छ आले. वर्षानुवर्षं पैसे थकवणाऱ्या एका काकांनी तर दोन्ही हात जोडलेलं चित्र टाकलं.

ही सवय बंद करायची सोय 2015 सालच्या पायथन 3.5 पासून आहे. एक शब्द लिहायचा होता. मी तो लिहिला नव्हता.

त्या रात्री मोजले, अकरा ऑप्शन झाले होते. म्हणजे भोगवटा प्रमाणपत्रानंतर बाल्कनी बंद करून काढलेल्या खोल्याच. मग गिट आठवलं, कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सनं 2005 मध्ये सुरू केलेल्या या प्रोग्रामात एक भारी सोय आहे. 'गिट-' नं सुरू होणाऱ्या नावाची, चालवता येणारी कुठलीही फाइल पाथमध्ये, म्हणजे संगणक कमांड शोधतो त्या फोल्डरांपैकी एकात, ठेवा. ती गिटचीच उपकमांड असल्यासारखी चालते. 'गिट-आवराआवर' अशी फाइल केलीत, तर 'गिट आवराआवर' म्हणायचं. गिटच्या कोडला हात लावायचा नाही, कुणाची परवानगी काढायची नाही. 'बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत' ही पाटी न लावलेलं हॉटेल! पुण्यात मला अजून सापडलेलं नाही.

मी 'बिल'ला तेवढं मोकळं केलं नाही, पण 'नियम' नावाचं फोल्डर दिलं. एक नियम, एक फाइल : फ्लॅटची माहिती आणि रक्कम आत, नवी रक्कम बाहेर. प्रोग्राम सुरू होताना फोल्डर वाचतो आणि नावांच्या क्रमानं नियम लावतो. क्रमाला महत्त्व आहे, कारण सूट आधी आणि दंड नंतर लावला तर आकडा वेगळा येतो. म्हणून नावांना 10, 20, 30 असे आकडे जोडले. मध्ये जागा का सोडली, हे समजवायला गेले, तर बाबा म्हणाले, "खातेवहीत आम्ही कोरी पानं का सोडायचो, सांगू का?"

परवा बिलं तपासायला बसले, तर फोल्डरमध्ये मी न लिहिलेली एक फाइल होती. नाव '25-ते-काका'. माझीच दंडाची फाइल, फक्त फ्लॅटचा क्रमांक घातलेला आणि दर वाढवलेला. वर शेरा : 'तात्पुरते. सर्वसाधारण सभेपर्यंत. मुलीस सांगू नये.'