गादीच्या कापडावरचा नाच

रविवार कारंजाजवळ माझं फ्रेमिंगचं दुकान आहे. रोज देवादिकांचे फोटो, लग्नाचे फोटो, नाहीतर सोफ्याच्या मापाने चित्र मागणारे इंटिरियरवाले. चित्रात काय आहे ते बघत नाहीत, फक्त टेप लावतात.

त्या दिवशी एक चित्रकार ताई रिक्षातून गुंडाळी घेऊन उतरल्या. लांबी पावणेतेरा फूट, उंची जेमतेम सव्वातीन, आणि कापड चक्क गादीचं, पट्ट्यापट्ट्यांचं! ताई म्हणाल्या, "दादा, सोनिया देलोने या चित्रकार बाईने 1913 मध्ये पॅरिसच्या 'बाल ब्यूलिए' या नाचघराचं चित्र असल्याच कापडावर केलं होतं. 97 सेंटिमीटर बाय 390. नाचणारी जोडपी रंगांच्या कमानींत विरघळलेली." मग त्यांचं चित्र नीट पाहिलं. कथकच्या चकरा घेत एकच बाई डावीकडून उजवीकडे जाते, तिला चेहरा नाही. घेराचा केशरी गोल पुढच्या निळ्या गोलात शिरतो. मी खरंच थबकलो.

मग रीतसर काम, कापड लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं. मधोमध पहिली पिन, समोर दुसरी, पकडीने ओढत ओढत कोपऱ्याकडे. टिचकी मारली की टण्ण वाजलं पाहिजे. वाजलं.

संध्याकाळी ताई आल्या, बराच वेळ बघत राहिल्या.

"दादा, ती थांबली."

मला राग आला. पण जवळ गेलो तर खरंच, गोल उभे लंबट झाले होते. चित्र काढताना कापड भिंतीवर सैल टाचलेलं होतं. लांबीचा धागा फार ताणत नाही, रुंदीचा ताणतो, आणि मी दोन्हीकडे सारखंच ओढलं होतं. ते मला आधी कळायला हवं होतं.

वरच्या-खालच्या सगळ्या पिना उपटल्या. ताई समोर उभ्या राहून "अजून सोडा, अजून" म्हणत होत्या, मी बोटभर-बोटभर सोडत होतो. एका क्षणी केशरी गोल गोल झाला आणि बाई पुन्हा फिरायला लागली. ते मी डोळ्यांनी पाहिलंय. पण खालच्या कडेला बारीक लाट राहिली. आषाढात दमट हवेने ती वाढणार. ताईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "वाढू दे, राहू दे."

प्रत्येक फ्रेमच्या मागे मी दुकानाचा शिक्का मारतो. या चित्राला मारला नाही, सैल काम माझ्या नावावर जायला नको म्हणून. चित्र टेम्पोत चढल्यावर वाटलं, मारायला हवा होता. ताईंना फोन करून सांगितलंय, प्रदर्शन उठलं की चित्र एकदा दुकानात आणा, शिक्का राहिलाय.