विमानतळाजवळचं घर शांत कसं करतात

अमेरिकेत विमानतळाच्या आवाजाच्या नकाशावर ६५ डेसिबलच्या रेषेत घर आलं, म्हणजे आवाज रोखण्यासाठी विमानतळाकडून खिडक्या फुकट बदलून मिळतात असं अनेकांना वाटतं. तेवढं पुरत नाही. ही पातळी दिवसरात्रीची सरासरी असते आणि रात्री १० ते सकाळी ७ मधल्या प्रत्येक उड्डाणाला १० डेसिबल जादा धरले जातात. शिवाय खिडक्या बंद ठेवून राहत्या खोल्यांत मोजणी होते. बाथरूम, पॅसेज, गॅरेज धरत नाहीत. आतली सरासरी ४५ किंवा त्याहून जास्त असेल तरच घर पात्र, आणि कामानंतर किमान ५ डेसिबलचा फरक पडायला हवा. १ ऑक्टोबर १९९८ नंतर बांधलेली घरं सहसा बादच होतात.

खिडकीत लॅमिनेटेड (आत प्लास्टिकचा थर असलेली) काच, दोन काचांची जाडी वेगवेगळी आणि मधे हवेची पोकळी. दार भरीव, चारी बाजूंनी रबरी पट्टी. पण काम फसतं ते फटींमुळे. भिंतीच्या १ टक्का भागात उघडी फट राहिली, तर भिंत कितीही भारी असली तरी जेमतेम २० डेसिबलच अडतात. म्हणून चौकट आणि भिंत यांमधला सांधा स्वतः उभं राहून सीलंटने भरून घ्या. माळ्याचे झरोके, धुराडं, दारातली पत्रं टाकायची फट हेही तपासा.

खिडक्या बंद म्हणजे ताजी हवाही बंद. यांत्रिक वायुवीजनाची सोय कामात धरली आहे ना, हे आधीच विचारा. काही ठिकाणी घरावरून उड्डाणाचा हक्क विमानतळाला कायमचा लिहून द्यावा लागतो. तो कागद वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.